अर्धा काळा गोल

(बारामती येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथं जमतो ते हाडाचे शिक्षक होते, म्हणून विषय शाळेतलाच घ्यावा असं मला वाटलं. परीक्षेच्या कागदावर मूल एक गोल काळा करतं. तो गोल पुढं एखादं यंत्र वाचतं आणि त्या वाचण्यावर गुण पडतात. हे वाचायचं काम आता शिक्षकाच्या खिशातल्या मोबाइलचा कॅमेरा करू लागला आहे. तो ते कसं करतो, कुठं अडखळतो, आणि अडखळला तर मुलानं दाद कुणाकडं मागायची, याबद्दल मी बोलणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला त्याच्यावर घासून बघता येईल. प्रत्येक गोलाला काहीतरी उत्तर देणाऱ्या यंत्राच्या हाती मुलांचे गुण देऊ नयेत. 'हा गोल मला कळत नाही, बाईंना दाखवा' असं ज्या यंत्राला म्हणता येतं तेच शाळेत घ्यावं.

आपल्या भागात हा कागद परका नाही. शिष्यवृत्ती, एनएमएमएस, राज्यसेवा पूर्व, टीईटी, नीट या सगळ्या परीक्षांना ओएमआर, म्हणजे गोल भरायची, उत्तरपत्रिका असते. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर गेली, पण २०२५ ची नीट कागदावरच झाली. १८० प्रश्न, ७२० गुण, आणि देशभरातल्या वीस लाखांहून जास्त मुलांनी एकाच दुपारी बॉलपेन घेऊन गोल भरले. बारामतीच्या अभ्यासिकांमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात, त्यातली निम्मी तयारी शेवटी अशाच एखाद्या कागदावर उतरते. कृष्णविवरापासून पेशीविभाजनापर्यंत सगळं शिकलेलं पोर शेवटच्या दहा मिनिटांत घाईघाईनं गोल भरतं तेव्हा त्याचा गोल पूर्ण भरेलच असं नाही. माझा सगळा विषय त्या न भरलेल्या जागेत आहे.

हा कागद मुळात एका मास्तरांच्या डोक्यातून निघाला. रेनॉल्ड जॉन्सन हे अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या आयर्नवूड गावी हायस्कूलला शिकवत. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते हे त्यांना पोरवयापासून ठाऊक होतं. मोठ्या बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीच्या रेघा ओढून ते गाड्या बंद पाडत, अशी गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात. आयबीएमनं त्यांची कल्पना विकत घेतली, त्यांनाही नोकरीवर घेतलं, आणि १९३८ च्या सुमाराला आयबीएम ८०५ हे गुण मोजणारं यंत्र आलं. या यंत्राला डोळे नव्हते. विजेची टोकं कागदाला टेकायची, खूण असेल तिथून वीज वाहायची आणि तबकडीवरची सुई गुण दाखवायची. जॉन्सन यांना पहिली अडचण आली ती आपलीच: एक मूल पेन्सिल दाबून ओढतं, दुसरं हलक्या हातानं. मग दाबून ओढणाऱ्याला जास्त गुण पडायचे काय? त्यांनी प्रत्येक खुणेच्या वाटेत इतका मोठा विद्युतरोध घातला की खूण फिकी असो की गडद, त्या फरकाला किंमतच उरली नाही. हातातल्या जोराचा गुणांवर परिणाम होता कामा नये, हा विचार त्या यंत्रात पहिल्या दिवसापासून आहे. हेच जॉन्सन पुढं संगणकाची पहिली हार्ड डिस्क बनवणाऱ्या गटाचे प्रमुख झाले.

प्रकाशानं वाचणारं यंत्र १९५० च्या दशकात आलं. आयोवा विद्यापीठातले ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी ते बांधलं, आणि तिथून कागद टेकून बघण्याऐवजी उजेडात बघायला सुरुवात झाली. पुढच्या काही यंत्रांत अवरक्त प्रकाश वापरत. त्या प्रकाशात पेन्सिलीतला कार्बन काळा दिसतो, पण कितीतरी पेनांची शाई दिसतच नाही. म्हणून अशा कागदांवर 'फक्त एचबी पेन्सिल वापरा' अशी सूचना असे. मग दिसणाऱ्या उजेडात वाचणारी यंत्रं आली आणि आपल्याकडच्या मोठ्या परीक्षांतून पेन्सिल गेली, कारण पेन्सिल खोडता येते. मुलाला ती सोय वाटते, पण नंतर कागद हाताळणाऱ्या लबाड माणसालाही ती सोयच असते. उत्तरपत्रिकेवरचे गोल गुलाबी किंवा नारिंगी रंगात छापतात त्यामागंही कारण आहे. त्याच रंगाच्या उजेडात छापील रेघ पांढऱ्यात विरून जाते आणि मुलानं भरलेलं तेवढं काळं उरतं. यंत्राला छापखान्याचं काम दिसू नये आणि मुलाचं काम दिसावं, इतकाच त्या रंगाचा हेतू.

ही सगळी यंत्रं मोठ्या कचेऱ्यांत असतात. ठरावीक जाडीचा कागद, एकेक करून आत ओढणारे रूळ, आतला उजेड कायम सारखा. तालुक्यातल्या शाळेला यातलं काही परवडत नाही. शाळेत कागद झेरॉक्सवर निघतो आणि उजेड म्हणजे खिडकीतून येईल तेवढा. म्हणून माझ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मोबाइलनं उत्तरपत्रिका वाचण्याचा प्रकल्प घेतला तेव्हा मी त्यांना प्रयोगशाळेत फार दिवस बसू दिलं नाही. आम्ही उजनी धरणाच्या पाणफुगवट्याकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो.

तिथं काय दिसलं ते जरा जवळून सांगतो. व्हरांड्यात टेबल मांडलेलं, वर पत्रा. सहावीतली एक मुलगी उत्तरपत्रिका घेऊन आली. कागद एकदा घडी घातलेला, कोपरा दुमडलेला. माझ्या विद्यार्थ्यानं फोन आडवा धरला तशी फोनची आणि त्याच्या हाताची सावली बरोबर कागदाच्या डाव्या अर्ध्या भागावर पडली. उजव्या अर्ध्यावर ऊन. आता संगणकाच्या हिशेबात पूर्ण काळं म्हणजे शून्य आणि पूर्ण पांढरं म्हणजे २५५. सावलीतला कोरा कागद ११० च्या आसपास आला, आणि उन्हात पेन्सिलीनं भरलेला गोल १२० च्या. म्हणजे कोरा कागद भरलेल्या गोलापेक्षा काळा! '१२५ च्या खाली ते काळं' असा सरसकट नियम आम्ही लावला होता, त्यामुळं त्या मुलीनं डावीकडचे सगळे पर्याय भरलेत असा निकाल आला. तिनं मान वाकवून फोनच्या पडद्यावर बघितलं आणि विचारलं, "सर, इथं सगळंच लाल का झालं?" पडद्यावर आमच्या प्रोग्रामनं तिच्या डाव्या रकान्यातला प्रत्येक गोल चूक म्हणून लाल केला होता. तिला दिसलं म्हणून ती विचारू शकली.

फोटो काढल्यावर आत काय घडतं ते थोडक्यात बघू. उत्तरपत्रिकेच्या चार कोपऱ्यांवर चार काळे चौकोन छापलेले असतात. फोन तिरका धरला की आयताचा वेडावाकडा चौकोन दिसतो. चार कोपरे सापडले की त्यांचे आठ आकडे मिळतात, आणि तेवढ्यावर वाकडा फोटो पुन्हा सरळ करण्याचं गणित पुरं होतं. मात्र हे गणित कागद सपाट आहे असं धरून चालतं. घडी पडलेला, दमट हवेत वळलेला कागद सपाट नसतो. कोपरे जागेवर बसतात आणि मधल्या ओळी अर्धा गोल सरकतात. म्हणून कडेनं प्रत्येक ओळीसमोर एक छोटी काळी पट्टी छापावी लागते. मोठ्या परीक्षांच्या कागदांवर कडेला अशा पट्ट्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. ती शोभेची नाही. यंत्र तिच्यावर बोट ठेवून ओळ मोजतं.

कागद सरळ झाला की प्रत्येक गोलाच्या आत किती काळं आहे ते मोजायचं. आजच्या साध्या फोनचा फोटो चार हजार बाय तीन हजार बिंदूंचा असतो. ए-फोर कागदानं त्यातली बहुतेक जागा व्यापली तर एका मिलिमीटरला साधारण बारा बिंदू मिळतात, म्हणजे पाच मिलिमीटरचा गोल साठ बिंदू रुंद, आणि त्याच्या आत जवळजवळ २,८०० बिंदू. माहिती भरपूर आहे. प्रश्न उरतो तो रेघ कुठं मारायची हा. जपानच्या नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली एक सुंदर रीत मांडली: चित्रातल्या काळ्या-पांढऱ्या बिंदूंची मोजदाद करून दोन्ही गट एकमेकांपासून सगळ्यांत स्पष्ट वेगळे पडतील तिथं रेघ मारावी. आमचे विद्यार्थी ती पहिल्याच वर्षी शिकतात. पण ती सगळ्या कागदाला एकच रेघ मारते, आणि अर्ध्या कागदावर ऊन असलं की एका रेघेनं भागत नाही. त्या व्हरांड्यानंतर आम्ही प्रत्येक गोलाची तुलना त्याच ओळीतल्या बाकीच्या तीन गोलांशी करायला लागलो. सावली पडली तर ती शेजारच्या गोलांवरही पडलेली असते, त्यामुळं चौघांत जो वेगळा तो भरलेला. यानं बराच फरक पडला.

तरी अडचण संपली नाही, कारण गोलाच्या आत अक्षर असतं. 'ड' छापलेला कोरा गोल हा काहीच न छापलेल्या गोलापेक्षा काळा असतो. शिवाय झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की रेघा जाड होतात आणि कागदावरचा मजकूर किंचित लहानमोठा होतो. प्रत्येक शाळेनं मूळ प्रतीवरूनच प्रती काढाव्यात असं आम्ही सांगत होतो, पण लांबच्या शाळेत बाईंना पन्नास कागद लागतात आणि हातात असते ती तिसऱ्या पिढीची प्रत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. कोऱ्या कागदाचा एक फोटो आधी घ्यायचा, त्यात कुठल्या गोलात मुळातच किती काळं आहे ते मोजून ठेवायचं आणि मुलाच्या कागदातून ते वजा करायचं. यात अवघड काही नाही, फक्त ते प्रत्येक शाळेत, प्रत्येक छपाईला करावं लागतं.

आता त्या अर्ध्या गोलाकडं येऊ.

मूल गोल भरतं त्याच्या नाना तऱ्हा आहेत. कुणी काठोकाठ भरतं, कुणी मध्ये एक ठिपका देतं, कुणी बरोबरची खूण करतं, कुणी फुली मारतं. कुणी आधी 'अ' भरून मग खोडरबर घासतं आणि 'क' भरतं, पण 'अ' मध्ये करडा डाग राहतोच. गोलात किती काळं आहे त्याचे आकडे मांडले तर एका टोकाला कोरे गोल दाटीनं बसतात, दुसऱ्या टोकाला पूर्ण भरलेले, आणि मध्ये विरळ असा पट्टा उरतो: ठिपके, खोडलेले डाग, अर्धवट भरणं. बहुतेक प्रोग्राम या पट्ट्यातून एक रेघ ओढतात. रेघेच्या वर असेल तर भरलेला, खाली असेल तर कोरा. ज्याचा गोल रेघेच्या केसभर खाली पडला त्याचं उत्तर शून्य धरलं जातं, आणि हे त्याला कुणी सांगतही नाही. मी विद्यार्थ्यांना रेघ एकाऐवजी दोन ओढायला सांगितल्या. वरच्या रेघेच्या वर असलेला भरलेला, खालच्या रेघेच्या खाली असलेला कोरा, आणि मधला प्रत्येक गोल पडद्यावर मोठा करून शिक्षकाला दाखवायचा. बाई एक नजर टाकून ठरवतात, बोटानं टेकवतात, पुढं जातात. काम थोडं वाढतं. प्रकल्पाच्या अहवालात लिहायला 'शंभर टक्के स्वयंचलित' असं वाक्य मिळत नाही. पण माझ्या मते ज्या प्रोग्रामला हा मधला पट्टाच नाही तो अपुरा आहे, मग त्याचा वेग कितीही असो.

यंत्रानं ओळीत दोन गोल भरलेले पाहिले की चूक समजायची, असाही एक सोपा नियम असतो. तो आपल्याकडं चालत नाही. आठवीच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही गोल भरावे लागत. परदेशातून आलेला तयार प्रोग्राम घेतला तर तो नेमका हुशार मुलाला शून्य देईल. आसनक्रमांकाचंही तसंच. मूल आकडा देवनागरीत लिहितं, आणि इंग्रजी आकड्यांवर तयार झालेलं यंत्र मराठी चार बघून आठ वाचतं. म्हणून आकडा लिहून घेण्याऐवजी तोही गोलांतूनच भरून घ्यावा. हस्ताक्षर वाचणं हा फार मोठा, वेगळा विषय आहे; त्यात आज शिरत नाही.

अडलेला गोल माणसाला दाखवायचा, हा दोन रेघांचा विचार नुसता शाळेपुरता नाही. अमेरिकेत २००० साली अध्यक्षपदाची निवडणूक फ्लोरिडा राज्यात अडकली, तिथं फरक उरला ५३७ मतांचा. तिथल्या अनेक जिल्ह्यांत मतदार कार्डाला भोक पाडून मत देत. हजारो कार्डांवर भोक अर्धवट पडलेलं, कागदाचा तुकडा लोंबकळत राहिलेला, आणि यंत्रानं ती कार्डं 'मतच नाही' म्हणून बाजूला काढलेली. मतदाराचा हेतू माणसानं कार्ड उजेडात धरून ठरवायचा की यंत्राचा शब्द अखेरचा, यावर महिनाभर वाद चालला आणि १२ डिसेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं फेरमोजणी थांबवली. त्यानंतर अनेक राज्यांनी भोकाची कार्डं टाकून गोल भरायच्या मतपत्रिका घेतल्या. आपल्याकडं २६ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मतदान यंत्राबरोबर निघणाऱ्या चिठ्ठ्यांच्या, निकालात निवडणूक आयोगाला सुचवलं की चिठ्ठ्यांची मोजणी यंत्रानं करता येईल का आणि चिठ्ठीवर चिन्हाबरोबर बारकोड छापता येईल का, ते तपासून पाहावं. म्हणजे कागद वाचणारा कॅमेरा मतमोजणीच्या दारापर्यंत आलेला आहे. तो आत आला तर ज्या चिठ्ठीवर तो अडखळेल तिचं काय, हे आधी ठरलेलं असावं.

मोबाइलच्या कॅमेऱ्यानं कागद वाचायचा प्रयत्न भारतात बराच लवकर झाला, आणि तो शहरात झाला नाही. तपन पारिख या संशोधकानं तमिळनाडूत बचतगटांच्या बायकांचे हिशेब टिपण्यासाठी 'कॅम' नावाची पद्धत बनवली. त्यावरचा त्यांचा निबंध २००६ सालचा आहे. कर्जाच्या कागदावर प्रत्येक रकान्याशेजारी एक चौकोनी सांकेतिक खूण छापलेली. फोनचा कॅमेरा त्या खुणेवर धरला की फोन तमिळमध्ये बोलून विचारायचा, 'या रकान्यात किती?' आणि बाई आकडा दाबायची. लक्षात घ्या, फोननं आकडा वाचला नाही. त्यानं फक्त रकाना ओळखला. आकडा वाचायचा मान त्या बाईकडंच राहिला. त्या काळच्या फोनला याहून जास्त झेपलंही नसतं, हे खरं. तरी आज फोनला सगळं झेपत असताना मला ती रचना शहाणपणाची वाटते. २०१२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या निकोला डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोझांबिकच्या लसीकरणाच्या कागदी नोंदी फोननं वाचण्याचं काम मांडलं. तिथं यंत्र भरलेले गोल वाचे, आणि हातानं लिहिलेल्या रकान्याचा तुकडा कापून माणसासमोर ठेवी.

आपल्या देशात हे आता प्रयोगाच्या पलीकडं गेलं आहे. उत्तर प्रदेश आणि गुजरातच्या सरकारी शाळांत शिक्षकांनी 'सरल' नावाच्या अ‍ॅपवर उत्तरपत्रिकांचे फोटो काढले आहेत. (आपल्या राज्यातल्या शिक्षकांना 'सरल' म्हटलं की विद्यार्थ्यांच्या नोंदींचं पोर्टल आठवेल, ते वेगळं.) राजस्थाननं २०२२ मध्ये तिसरी ते आठवीच्या मुलांच्या एक कोटीहून अधिक उत्तरपत्रिका अशा वाचल्या. आपल्याकडं नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण शिक्षक मोबाइलवर एकेक करून भरतात, आणि त्यात किती संध्याकाळी जातात ते समोर बसलेल्या गुरुजी-बाईंना मी सांगायला नको. म्हणून मी या तंत्राच्या बाजूचा आहे. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या बाईंचे दोन तास वाचत असतील तर ते वाचलेच पाहिजेत. त्या वेळात बाई वाचता न येणाऱ्या पोराला जवळ घेऊन बसतील.

मात्र एका गैरसमजाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. यंत्र आलं की लबाडी संपते असं लोक धरून चालतात. १९ जानेवारी २०२० ला आपल्या राज्यात टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली. पुढं पुण्याच्या सायबर पोलिसांच्या तपासात अपात्र उमेदवार निकालात पात्र दाखवल्याचं बाहेर आलं आणि २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेनं कारवाई केली. कागद यंत्रानंच वाचले जात होते. बिघाड वाचण्यात नव्हता. वाचलेला आकडा निकालापर्यंत ज्या हातांतून गेला तिथं होता. तमिळनाडूत २०१९ च्या गट चारच्या परीक्षेत काहींनी थोड्या वेळानं उडून जाणाऱ्या शाईनं गोल भरले आणि नंतर कुणीतरी बरोबर उत्तरं भरली. त्यानंतर तिथल्या लोकसेवा आयोगानं प्रत्येक प्रश्नाला 'ई' हा पाचवा गोल ठेवला. उत्तर येत नसेल तर तो भरायचा, म्हणजे कोरी ओळ उरतच नाही, आणि जी ओळ कोरी नाही तिच्यात मागाहून कुणाला काही भरता येत नाही. मला हा उपाय फार आवडतो. एका गोलाच्या छपाईत तो झाला, त्याला नवं यंत्र लागलं नाही.

आपल्याला यातून काय घेता येईल? माझ्या मते एक गोष्ट: यंत्रानं काय वाचलं ते मुलाला त्याच्याच कागदावर दिसलं पाहिजे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॉली उभी राहते तेव्हा शेतकरी काट्याच्या आकड्याकडं बघतो आणि मग पावती घेतो. आकडा झाकून नुसती पावती दिली तर माळेगावचा काय नि भवानीनगरचा काय, एकही सभासद ऐकून घेणार नाही. उत्तरपत्रिकेबाबत हा हट्ट आपण करत नाही. नीटमध्ये एवढी सोय आहे की स्कॅन केलेली प्रतिमा आणि यंत्रानं वाचलेली उत्तरं संकेतस्थळावर टाकतात आणि प्रत्येक प्रश्नामागं शुल्क भरून हरकत घेता येते. अनेक परीक्षांत उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत उमेदवाराकडं राहते. फोनवर वाचणाऱ्या शाळेला तर हे फुकटात करता येतं. फोटो हातात आहेच. त्यावर यंत्राला भरलेला वाटलेला प्रत्येक गोल हिरव्या कड्यानं दाखवायचा आणि तो फोटो त्याच दिवशी वर्गात मुलांसमोर ठेवायचा. पाण्याकाठच्या शाळेतल्या त्या मुलीनं आमची जी चूक पकडली ती आम्हाला प्रयोगशाळेत बसून महिनाभरात सापडली नसती.

फोटो कुठं जातो, हेही विचारा. कागदावर नाव असतं, शाळा असते, आणि मूल अठरा वर्षांखालचं असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं सांगितलं आहे. उत्तर वाचायला नावाची गरज नाही. नावाची पट्टी कागदाच्या वर ठेवावी आणि फोटो तिच्याखालून घ्यावा. प्रोग्रामनंही फोनमध्येच वाचून गुण द्यावेत. एका गोलासाठी मुलाचा कागद दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर पाठवायचं कारण नाही. आणि मूळ कागद, फोटो निघाला म्हणून, रद्दीत घालू नये. वर्ष संपेपर्यंत तो गठ्ठा कपाटात असावा, कारण वाद झाला तर अखेरचा शब्द त्याचाच.

काही जणांनी आधीच विचारलं आहे, की हेच ऊस नोंदणीला, आशाताईंच्या घरभेटीच्या वहीला, दूध केंद्राच्या कार्डाला वापरता येईल का. जिथं खूण आहे तिथं येईल. २००१ च्या जनगणनेचे कोट्यवधी कागद स्कॅन करूनच वाचले गेले. पण आशाताईंच्या वहीत खुणा कमी आणि लिहिलेलं जास्त असतं, आणि त्या लिहिण्यात कधीकधी समासात टाकलेला एखादा शब्द, 'सासरी गेली' किंवा 'ताप दोन दिवस', सगळ्या रकान्यांपेक्षा महत्त्वाचा असतो. त्या वहीचे गोल करू नयेत. वारणा साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ पासून संगणकाचं मोठं काम झालं आणि पुढं तिथलंच बरंचसं काम साध्या मोबाइलच्या संदेशांवर आणून बघितलं गेलं. गावाला काय पेलतं ते गावात जाऊनच कळतं. आपल्या बारामतीतही या शतकाच्या सुरुवातीला ग्रामीण भागासाठी माहिती तंत्रज्ञान या विषयावर परिषदा भरल्या आहेत, तेव्हा हा विचार इथं नवा नाही.

ज्यांना पुढच्या घटक चाचणीला हे करून बघायचं आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो. प्रती एकाच मूळ कागदावरून काढा आणि कोऱ्या कागदाचा फोटो आधी घ्या. कागद भिंतीजवळ, सगळीकडं सारखा उजेड असेल अशा सावलीत ठेवा. फ्लॅश लावू नका, बॉलपेनची शाई चमकते आणि काळा गोल पांढरा दिसतो. कागदाखाली गडद रंगाची पाटी किंवा पुठ्ठा ठेवा, म्हणजे कडा सापडतात. मुलांना फळ्यावर एक गोल मोठा काढून तो कसा भरायचा ते दाखवा, आणि अर्धा भरला, फुली मारली, खोडला तर काय होतं तेही दाखवा. पाचवीच्या मुलाचा हा पहिलाच असा कागद असू शकतो. ज्या मुलाला नीट दिसत नाही किंवा ज्याचा हात थरथरतो त्याला तोंडी विचारून बाईंनीच गोल भरावेत. त्याच्या हाताची परीक्षा आपण घेत नाही. आणि पहिल्या वेळी सगळे कागद हातानंही तपासा. यंत्राचे गुण आणि तुमचे गुण जिथं जुळत नाहीत ते कागद बाजूला काढून वर्गात घेऊन जा, आणि त्या त्या मुलाला विचारा की हा गोल तू भरला होतास का.